उरलेली फरशी

सोमवार, ८ जानेवारी

"चार कुठे सांडलेस?"

बाबांनी हे विचारलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. गणितात शंभरापैकी शहाण्णव मिळाले होते आणि मी शाळेपासून घरापर्यंत धावत आले होते. बाबा दाढी करत होते. त्यांनी आरशातूनच गुणपत्रिकेकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "चार कुठे सांडलेस?" रागाने नाही, लाडातच. पण मी त्या संध्याकाळी बसून ते चार शोधून काढले आणि पुढची दहा वर्षं शोधतच राहिले. आज मी गणिताची शिक्षिका आहे ती त्या एका वाक्यामुळे, असं मी सगळ्यांना सांगते.

आज पुन्हा सांगितलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं होतं. पाचवीची मुलं गणिताला हातच लावत नाहीत, वह्या कोऱ्या राहतात, पालक तक्रार करतात. त्यांनी कुठल्याशा शिबिरात एक योजना ऐकली आहे. प्रत्येक मुलाला एक कार्ड. गणित सोडवलं की सूर्याचा एक शिक्का. पन्नास शिक्के झाले की सगळ्या शाळेसमोर नाव. "प्रेरणा कार्ड" म्हणायचं त्याला. मला म्हणाल्या, "तुम्हाला कशाने प्रेरणा मिळाली, सांगा बरं." मी बाबांचं वाक्य सांगितलं. त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "बघा. कुणीतरी मागे लागावंच लागतं."

योजना माझ्या गळ्यात पडली आहे. शेवटी अहवाल द्यायचा आहे, म्हणून रोज थोडं लिहून ठेवावं असं ठरवलं. रोज जमणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवते.

गुरुवार, ११ जानेवारी

शाळेचं काही नाही. घरचंच लिहिते.

पट्टी सापडत नव्हती म्हणून मुलीचा खण उघडला. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण खारीसारखी काहीबाही साठवते : खोडरबराचे तुकडे, दोऱ्या, तुटलेली बटणं. पंधरा वर्षांची झाली तरी खण तसाच. त्यात तळाशी एक जाड वही. उघडली आणि मी तिथेच जमिनीवर बसले.

आमच्या स्वयंपाकघराची फरशी! एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला सात, पस्तीस चौकोन. वर तिच्या अक्षरात नियम : दारातल्या फरशीवरून सुरुवात (कोपऱ्याच्या शेजारची). प्रत्येक फरशीवर एकदाच पाय. तिरकं जायचं नाही. एकही सोडायची नाही. आणि मग पानामागून पान, प्रयत्न क्रमांक एक, दोन, दहा, एकेचाळीस. प्रत्येकाखाली तारीख. प्रत्येक वेळी एक तरी फरशी उरते. चौतीस होतात, पस्तीस होत नाहीत.

म्हणजे मी फोडणी घालत असताना ही बाई पायात पायात नाचते ते यासाठी. आणि मी ओरडत होते की भाजेल, बाजूला हो.

मला इतकं भरून आलं. कुणीही न सांगता, परीक्षेत नसताना, दोन महिने. आणि बिचारीला हे ठाऊकच नाही की असं जाता येणं शक्यच नाही. मी लाल पेन घेतलं आणि अर्धा तास कसा गेला कळलं नाही. बुद्धिबळाच्या पटासारख्या एकाआड एक फरश्या काळ्या-पांढऱ्या मानल्या, तर कोपऱ्याच्या रंगाच्या अठरा होतात, दुसऱ्या रंगाच्या सतरा. दार सतरांच्या रंगावर. पावलागणिक रंग बदलतो, म्हणून सतरा-सतरा चौतीस झाल्या की रस्ता संपला. चार ओळींत सिद्धता. शेवटी शेवटी तिने एक वाक्य अर्धवट सोडलं होतं, त्याच्या खालीच लिहिली. एका पानावर उगीच पेन्सिलीने चौकोन काळे करून ठेवले होते, तिथे "स्वच्छता" असा शेरा दिला. मग शेवटी : "प्रयत्न उत्तम. पद्धतशीर विचार कर. ८/१०."

वही खणात सगळ्यात वर ठेवली, चटकन दिसेल अशी. कधी एकदा ती उघडते असं झालंय.

बुधवार, १७ जानेवारी

शिक्के जोरात. लाल शाई दोन दिवसांत संपली. शाळेतल्या मावशींनी कुठूनतरी जांभळी आणली, आता सगळे सूर्य जांभळे उमटतात. जी मुलं फळ्याकडे बघत नव्हती ती मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाभोवती गर्दी करतात. "बाई, माझा राहिला." "बाई, याने दोनदा घेतला." आज एका दिवसात दोनशे बारा शिक्के. मोठ्या बाई दारात उभ्या राहून बघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "मला वाटलंच होतं."

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पंचेचाळिशीच्या बाईलाही कुणी "मला वाटलंच होतं" म्हटलं की दिवसभर पुरतं.

खारू वहीबद्दल काही बोलली नाही. पाहिली आहे नक्की, कारण आज खण उघडा होता आणि वही वर नव्हती. लाजत असेल. एक मात्र झालं, स्वयंपाक करताना पायात येणं थांबलं. गेले तीन दिवस ओट्याशी मोकळेपणाने उभी राहते आहे.

बुधवार, २४ जानेवारी



खारूच्या शाळेतून फॉर्म आला आहे. पुढच्या वर्षी कुठले विषय घ्यायचे त्याचा. पालकांची सही हवी, शेवटची तारीख वीस फेब्रुवारी. तिने तो भरून जेवणाच्या टेबलावर ठेवला होता, मिठाच्या बाटलीखाली. गणितासमोरचा चौकोन रिकामा. एकदा सोडलं की परत घेता येत नाही, हे खाली ठळक अक्षरात छापलं आहे.

मला वाटलं, विसरली. हाक मारून विचारलं.

"नाही, विसरले नाही."

"अगं, पण गणित?"

"नकोय."

"नकोय म्हणजे?"

"म्हणजे नको आहे, आई. यात समजावण्यासारखं काय आहे?"

आणि गेली. मी सही केली नाही. फॉर्म माझ्या कपाटात ठेवला आहे. सत्तावीस दिवस आहेत, आणि मी काय कमी बिघडलेल्या मुलांना वळणावर आणलं आहे?

मंगळवार, ३० जानेवारी

कारणं शोधते आहे. मोबाइल? तेवढाच वापरते. नवी मैत्रीण आहे एक, सारखी गाणी म्हणते, तिचा परिणाम असेल. गणिताचे सर बदलले आहेत, ते भराभर शिकवतात म्हणे. त्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "हुशार आहे हो तुमची मुलगी. पण दोन-अडीच आठवडे झाले, विचारलेलं तेवढंच उत्तर देते. आधी भांडायची माझ्याशी."

आज तिच्याशी नीट बोलायचं ठरवून तिच्या खोलीत गेले. चहा करून नेला. म्हटलं, तुला सायकल हवी होती ना? या चाचणीत नव्वदच्या वर आण, घेऊ.

तिने कप हातात घेतला. "आणि एकोणनव्वद आले तर?"

"एकोणनव्वद कशाला येतील?"

"बरं," ती म्हणाली. चहा प्यायली, कप धुऊन ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं. तिला माझ्याशी वाद घालायचाही कंटाळा आल्यासारखा वाटला.

शनिवार, ३ फेब्रुवारी

चाचणीत एक्क्याण्णव. गुणपत्रिका टेबलावर, पुन्हा मिठाच्या बाटलीखाली. मी ओठांवर आलेलं गिळलं. खरंच गिळलं. "बाकीचे" एवढाच शब्द बाहेर पडला होता.

"सायकल नको," ती म्हणाली. "फॉर्मवर सही कर."

बुधवार, ७ फेब्रुवारी

पाचवीत आज एक नवीन गणित घातलं. पुस्तकातलं नाही. एका मोठ्या घड्याळाचे काटे दिवसातून किती वेळा एकावर एक येतात? मुलांना आवडेल असं वाटलं होतं.  मग पहिल्या बाकावरची, दोन वेण्यांवाली, जी पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या पुढे धावत यायची, तिने हात वर केला.

"बाई, हे शिक्क्यासाठी आहे की उगीचच?"

मी म्हटलं, "उगीचच. मजा म्हणून."

तिने पेन्सिल खाली ठेवली. तिच्यामागे सगळ्यांनी. कुणी हट्टाने नाही, कुणी वाईट चेहऱ्याने नाही. काम संपल्यावर आपण हात पुसतो तसं. मागच्या बाकावरच्या एकाने तर डबाच उघडला.

मग मला दिसायला लागलं. गेले दोन आठवडे मुलं सोपीच गणितं निवडतायत. बेरजा. एका अंकाच्या बेरजा. एका मुलाने एकच गणित अंक उलटसुलट करून अकरा वेळा सोडवलं आहे, आणि मी अकरा शिक्के मारले आहेत. त्याच्यापेक्षा मीच वेडी.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग अवघड गणिताला दोन शिक्के द्या."

मंगळवार, १३ फेब्रुवारी

चिडचिड. दिवसभर. मावशींवर ओरडले, मग त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं ओरडणं मी मोजत नाही."

शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर होते. त्यांच्या तासाला शिक्के नाहीत आणि त्याची त्यांना फार गंमत वाटते. मी त्यांना सगळं सांगितलं, पाचवीचं आणि खारूचंही. ते वाटीत ब्रश धूत होते. म्हणाले, "तुम्ही शेवटचं गणित कधी सोडवलंत? शिकवण्यासाठी नाही, तुमच्यासाठी."

"आम्हाला वेळ कुठे असतो?"

"आठवा तरी."

आणि आठवलं. मी म्हटलं, "गेल्या महिन्यात! फरशीचं. अर्धा तास कुठे गेला कळलं नाही. फार वर्षांनी इतकी मजा आली."

"वा. कुणाचं गणित होतं?"

"लेकीचं."

सर काहीतरी बोलणार होते. मग ब्रश झटकला आणि थेंब माझ्या ओढणीवर उडाले, त्याबद्दलच बोलत बसले.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

आज भांडण झालं. जसं झालं तसं लिहिते, सारवासारव न करता.

मी भाजी चिरत होते. ती पाणी प्यायला आली. मी म्हटलं, चार दिवस राहिले. एक कारण सांग. एकच. मग मी सही करते.

"कंटाळा आला."

"तुला? गणिताचा? तू तर स्वतःच कोडी घालत बसायचीस."

"बसायचे."

"मग झालं काय?"

ती पेला हातात घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आठच का दिलेस?"

"काय?"

"वहीत. दहापैकी आठ. दोन कशाचे कापलेस?"

मला खरंच आठवेना. मी म्हटलं, "अगं, दहापैकी दहा मी कुणालाच देत नाही. दिले की मुलं तिथेच थांबतात. आठ म्हणजे उत्तमच."

"मी तुला तपासायला दिली होती का वही?"

आवाज चढला नव्हता. 

"मी कौतुकाने लिहिलं, खारू. आणि तू महिनोन्महिने अडकून पडली असतीस. ते सुटणारच नव्हतं."

"माहितीये," ती म्हणाली. "वाचलं मी. चार ओळी."

पेला धुतला, पालथा घातला, गेली. जाताना फरश्यांवरून सरळ चालत गेली, जशी सगळी माणसं चालतात.

नवरा जेवताना म्हणाला, "तुझे बाबा चार विचारायचे. तू दोनवर आलीस. प्रगती आहे." त्याला वाटलं मी हसेन. मग घाईघाईने म्हणाला, "अगं, सहज बोललो. होईल ठीक." मी त्याला भात वाढला. पण तो तसं का म्हणाला, हे कळायला मला भांडी आवरेपर्यंत वेळ लागला. मी ते वाक्य इतक्या अभिमानाने सांगत आले. ते ऐकल्यावर मला त्या संध्याकाळी रडू आलं होतं, एवढंच कुणाला सांगितलं नव्हतं. मलासुद्धा.

रविवार, १८ फेब्रुवारी

नवरा सकाळी रद्दी बांधत होता. वर्तमानपत्रांच्या मधे ती जाड वही. मी गाठ सोडायला लावली.

दुपारी खारू मैत्रिणीकडे गेली तेव्हा वही घेऊन बसले. या वेळी पेन न घेता.

दोन गुण सापडले. "स्वच्छता" असं जिथे लिहिलं आहे तिथेच, बारीक अक्षरात, वजा दोन. ते पान मी त्या दिवशी पाहिलं होतं, वाचलं नव्हतं. पस्तीस चौकोन, त्यातले काही पेन्सिलीने काळे केलेले. प्रत्येक काळ्या चौकोनात एक बारीकसा आकडा. मागच्या पानांशी ताडून पाहिलं. ते प्रयत्नांचे क्रमांक आहेत. नवव्या प्रयत्नात जी फरशी उरली तिच्यात नऊ. तेविसाव्यात जी उरली तिच्यात तेवीस. ती उरलेल्या फरश्या नकाशावर मांडत होती.

सोळा चौकोन काळे झाले होते. अठरांपैकी सोळा. एकाआड एक. बुद्धिबळाच्या पटासारखे.

आणि समोरच्या पानावर ते अर्धवट वाक्य. "उरते ती फरशी नेहमी". एवढंच. पुढे जागा सोडलेली. तारीख दहा जानेवारी.

खाली लगेच माझी लाल शाई.

दोन चौकोन राहिले होते. दोन दिवस. फार तर आठवडा, कारण तिला चाचणीही होती. मग एखाद्या संध्याकाळी ती ओट्याजवळ माझ्या पायात नाचताना मधेच थांबली असती. मी म्हटलं असतं, काय गं, भाजलं का? आणि ती काय म्हणाली असती ते आता कधीच कळणार नाही. ते तिचं होतं. मी ते चार ओळींत, सुवाच्य अक्षरात, वापरून टाकलं.

खोडरबर घेऊन बसले होते थोडा वेळ. लाल शाई खोडरबराने जात नाही हे मी मुलांना दरवर्षी सांगते.

सोमवार, १९ फेब्रुवारी

मोठ्या बाईंना म्हटलं, कार्डं बंद करू. त्या म्हणाल्या, आता? ज्यांचे अठ्ठेचाळीस झालेत त्यांना काय सांगू?  दोन वेण्यांवालीचे एकोणपन्नास झाले आहेत. आज ती बेरीज घेऊन आली. मी शिक्का मारला. घड्याळाचं काय झालं असं विचारावंसं वाटलं, मग वाटलं, नको, तेवढं तरी तिच्याजवळ राहू दे, कुठेतरी असलं तर.

अहवालात काय लिहायचं? पहिल्या आठवड्यात एका दिवसात दोनशे बारा हे लिहीन, मोठ्या बाईंना तेच हवं आहे. बाकीचं इथेच राहील.

घरी कुणी नव्हतं. चप्पल काढून दारातल्या फरशीवर उभी राहिले. म्हटलं, आपण तरी बघावं. दुसरी, तिसरी, वळसा, चौथी. जमेना. म्हणजे चालायला जमत होतं, पण पाय टाकण्याआधीच मला काळा-पांढरा दिसत होता, कुठे अडकणार तेही दिसत होतं. मग नियम बदलून पाहिले. कोपऱ्यातून सुरुवात केली तर? जमतं, लगेच कळलं. पहिल्या फरशीवर परत यायचं असेल तर? पस्तीस विषम, नाही जमणार, तेही लगेच कळलं. मला कोडं कळायच्या आधी उत्तर कळतं. याच गोष्टीचा मला आयुष्यभर अभिमान होता. एकोणिसाव्या फरशीवर उभी होते तेव्हा नवरा आला. "आता तूही?" म्हणाला. मी त्याला चहा ठेवायला सांगितलं.

मग कपाटातून फॉर्म काढला आणि सही केली. रिकाम्या चौकोनाला हात लावला नाही.

मंगळवार, २० फेब्रुवारी

सकाळी ती उठायच्या आत फॉर्म तिच्या दप्तरात ठेवला. वही खणात ठेवली, तळाशी, जिथे होती तिथे. माझ्या लाल शाईची दोन पानं फाडून घ्यावीत की नाही यावर बराच वेळ गेला. नाही फाडली. पुन्हा तिला न विचारता त्या वहीला हात लावल्यासारखं झालं असतं.

वहीवर एक चिठ्ठी ठेवली आहे, पेन्सिलीने लिहिलेली. ती नाही म्हणेल. बहुतेक म्हणणारसुद्धा नाही, चिठ्ठी मिठाच्या बाटलीखाली परत येईल. सहीच्या बदल्यात मागते आहे असंही तिला वाटेल, म्हणून फॉर्म आधी, चिठ्ठी नंतर, अशी दोन्ही वेगळ्या जागी ठेवली. तीनदा लिहिली. पहिल्या दोन्हींत मी समजावत होते. तिसरी इथे उतरवून ठेवते.

"खारू, काळे केलेले चौकोन मी परवा वाचले. उशिरा वाचले. फॉर्मवर सही केली आहे, तो तुझ्या दप्तरात आहे, त्याचा आणि या चिठ्ठीचा संबंध नाही. मला एक कोडं घालशील? तुझं स्वतःचं, मला माहीत नसलेलं. सुटलं तर मी तुला येऊन सांगणार नाही. नाही सुटलं, आणि मी कितीही मागे लागले, तरी उत्तर सांगू नकोस."